साखरेला स्नायूंची तिजोरी

चेन्नईच्या मैलापूर भागात लझ चर्च रस्त्यावर नागेश्वरराव उद्यान आहे. अमृतांजन या सुपरिचित मलमाचे जनक काशिनाधुनी नागेश्वरराव यांचे नाव या उद्यानास दिलेले आहे. हे मलम त्यांनी १८९३ साली मुंबईत बाजारात आणले आणि पुढे आपला व्यवसाय मद्रासला हलविला. खंडाळ्याच्या घाटातील जुना ‘अमृतांजन पूल’ २०२० साली पाडण्यात आला. तोवर मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना या नावाची आठवण सतत होत असे. आज या उद्यानात पहाटेपासून पायी फेऱ्या घालणाऱ्यांची रीघ लागते. निवृत्त अधिकारी, गृहिणी, शिक्षक, व्यापारी असे सर्व थरांतील लोक त्यांत असतात. कोणाची चाल संथ, कोणाची लगबगीची. पण ज्याची जी चाल, ती वर्षानुवर्षे तशीच.

मराठी माणसास मैलापूर परके नाही. तंजावरच्या मराठी परंपरेतील राजा सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविले, त्यांचे अखेरचे वास्तव्य मैलापुरात होते आणि १८९१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. बँकांच्या, रेल्वेच्या आणि केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने चेन्नईस बदलून आलेली मराठी कुटुंबे आजही या भागात भेटतात. कपालीश्वराच्या मंदिराभोवतालच्या माड वीथी, भाजीवाल्यांची गर्दी आणि फिल्टर कॉफीचा दरवळ त्यांच्या लवकरच अंगवळणी पडतो. दुर्दैवाने साखरेचा आजारही अंगवळणी पडू लागला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. या पाहणीचे संशोधनकार्य चेन्नईच्याच मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने सांभाळले. या शहराला मधुमेह-संशोधनाची मोठी परंपरा आहे. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली येथील स्टॅन्ले रुग्णालयात मधुमेहींसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तेव्हा हा आजार श्रीमंतांचाच समजला जात असे.

अशा उद्यानात फेऱ्या घालणाऱ्या मधुमेहींच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : “रोज न चुकता चालतो, गोडही सोडले, तरी साखर म्हणावी तशी उतरत का नाही?” प्रस्तुत लेख त्या प्रश्नासाठी आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, चालण्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईत ५३१ व्यक्तींवर एक अभ्यास केला. या सर्व व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर होत्या. रोज सुमारे अर्धा तास भरभर चालणे आणि आहारात बदल एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह जडण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या गोळीनेही साधारण तेवढाच, म्हणजे २६.४ टक्के लाभ झाला. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मात्र ज्यांना मधुमेह आधीच जडला आहे, ज्यांचे वय पन्नाशी-साठीकडे झुकले आहे आणि ज्यांची चाल दहा वर्षांपासून एकाच संथ लयीची आहे, त्यांच्या बाबतीत नुसत्या फेऱ्यांचा परिणाम एका मर्यादेपुढे जात नाही. शरीर त्या श्रमाला सरावते. याचे कारण स्नायूंमध्ये दडलेले आहे.

तिजोरी आणि तिची दोन दारे

जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर शेवटी कोठे तरी जमा व्हावी लागते. इन्सुलिनच्या हुकमाने शरीर जी साखर उचलते, तिचा फार मोठा भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये जातो. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर स्नायू ही साखरेची मुख्य तिजोरी होय. तेथे ती ग्लायकोजेनच्या रूपाने साठविली जाते आणि लागेल तशी खर्च होते.

या तिजोरीला दोन दारे आहेत. पहिले दार इन्सुलिनच्या किल्लीने उघडते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हेच कुलूप गंजते. किल्ली असूनही फिरत नाही, मग स्वादुपिंड अधिकाधिक किल्ल्या तयार करीत राहते आणि कालांतराने थकते. दुसरे दार मात्र स्नायू आकुंचन पावताच आतून उघडते, त्याला इन्सुलिन लागत नाही. स्नायूपेशींच्या आत ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने असतात, ती आकुंचनामुळे पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. विशेष म्हणजे व्यायाम थांबल्यावरही सुमारे एक ते दोन दिवस पहिल्या दाराचे गंजलेले कुलूप काहीसे सैल राहते. त्यामुळेच मधुमेहींनी व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. रविवारी तीन तास घाम गाळून आठवडाभर खुर्चीला खिळून राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता अडचण अशी की, तिशी ओलांडल्यावर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते. ठेव तेवढीच, तिजोरी मात्र लहान होत जाते! भारतीयांच्या बाबतीत तर ही तिजोरी जन्मतःच बेताची असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय जगापुढे आणला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, तर रुग्णालयाच्या उद्वाहकाचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यासाठी होणारी धावपळ हाच याज्ञिकांचा प्रमुख व्यायाम, असा खट्याळ खुलासाही त्या लेखात होता. विनोद बाजूला ठेवला, तरी ‘मी कोठे जाड आहे?’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या दोन छायाचित्रांनी पुरेसे सावध केले आहे.

जोर-बैठकांची नवी ओळख

स्नायूंना वाढता भार देऊन केलेला व्यायाम म्हणजे बलवर्धक व्यायाम. महाराष्ट्राला त्याचे नावीन्य नसावे. तालमीतील जोर, बैठका, मुद्गल हा सारा बलवर्धक व्यायामच. परंतु तालीम तरुणांची आणि फेरफटका वृद्धांचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे आणि ती नेमकी उलटी आहे. स्नायू जपण्याची निकड पंचविशीपेक्षा पंचावन्नाव्या वर्षी कितीतरी अधिक असते.

याविषयीचे प्रयोग आता विपुल आहेत. नवी दिल्लीत डॉ. अनुप मिश्रा व सहकाऱ्यांनी ३० मधुमेहींकडून देखरेखीखाली १२ आठवडे असा व्यायाम करून घेतला, तेव्हा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद आणि साखरेचे नियंत्रण, दोन्ही सुधारले. कॅनडात २५१ मधुमेहींची गटवारी करून झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दमश्वासाचा व्यायाम करणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी ‘एचबीए१सी’ तपासणी सुमारे अर्ध्या टक्क्याने उतरली, बलवर्धक व्यायाम करणाऱ्यांची त्याहून थोडी कमी, आणि दोन्ही करणाऱ्यांची जवळजवळ दोन्ही मिळून उतरेल इतकी. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २६२ जणांवर झालेल्या, २०१० सालच्या प्रयोगातही खरा लाभ दोन्हींची सांगड घालणाऱ्या गटालाच मिळाला. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्यांच्यापाशी दिवसाचा अर्धाच तास आहे, त्यांनी आठवड्यातील दोन-तीन दिवस फेऱ्या कमी करून तो वेळ स्नायूंना द्यावा.

यासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरलेच पाहिजे असे नाही. सुरुवातीस हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीला हात टेकून जोर काढणे. जिन्याच्या एका पायरीवर चढणे व उतरणे. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे. खिडकीच्या गजाला अडकविलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे. आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वर उचलणे एवढे पुष्कळ होते. प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा करावा, क्षणभर थांबून पुन्हा एकदा करावा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

येथे एक बारकावा आहे, आणि बहुतेकांचे घोडे तेथेच अडते. शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. पंधरा आवृत्त्या गप्पा मारत होऊ लागल्या, की भार वाढवावा. बाटलीऐवजी दोन किलो तांदळाची पिशवी घ्यावी, भिंतीऐवजी टेबलाच्या कडेवर जोर काढावेत, खुर्चीऐवजी ठेंगणा स्टूल वापरावा. एकच बाटली पाच वर्षे उचलणे म्हणजे व्याज न मिळणाऱ्या खात्यात पैसे ठेवण्यासारखे आहे. जोर लावताना श्वास सोडावा, सैल होताना घ्यावा. श्वास कोंडून धरल्यास रक्तदाब एकाएकी चढतो.

आपली तिजोरी सध्या कशी आहे, हे पाहण्याची एक सोपी कसोटी वृद्धांच्या तपासणीत वापरली जाते. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. अमेरिकेतील प्रचलित मापानुसार ६० ते ६४ वयाच्या पुरुषास १४ पेक्षा कमी आणि स्त्रीस १२ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांचे बळ सरासरीपेक्षा कमी समजतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या आपल्या निवृत्तिवेतनधारकांनी ही कसोटी घरी अवश्य करून पाहावी. (शाखेतील खुर्च्या यासाठी वापरण्याचा मोह टाळावा, त्या जरा डगमगतात.)

वजन झपाट्याने उतरविणारी साप्ताहिक इंजेक्शने अलीकडे आपल्याकडेही उपलब्ध झाली आहेत. ती घेणाऱ्यांना तर हा व्यायाम अधिकच आवश्यक ठरतो, कारण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर काही स्नायूही जात असतात.

तीन मिनिटे जलद, तीन मिनिटे मंद

दुसरा उपाय चालण्यातलाच, पण चालीची मोडणी बदलणारा. इंग्रजीतून आलेले ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ हे नाव धास्ती घालते. खेळाडूंच्या सरावावरून ते आले आहे. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी ते मध्यमवयीन व वृद्धांसाठी सौम्य केले. तीन मिनिटे भरभर आणि तीन मिनिटे सावकाश, अशा पाच जोड्या म्हणजे अर्धा तास.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे हीच पद्धत मधुमेहींवर चार महिने वापरण्यात आली. एक गट आठवड्यातून पाच दिवस तासभर एकाच वेगाने चालला, दुसरा तेवढाच वेळ जलद-मंद पद्धतीने. दोन्ही गटांची एकूण ऊर्जा सारखीच खर्च होईल, अशी दक्षता घेतली होती. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, जलद-मंद चालणाऱ्यांचा दमश्वास सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, वजन सरासरी ४.३ किलोने उतरले आणि साखरेचे नियंत्रणही सुधारले. एकाच लयीत चालणाऱ्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उद्यानातील त्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या प्रयोगात सापडते.

वेग किती असावा, यासाठी घड्याळ किंवा नाडी मोजण्याची गरज नाही. रक्तदाबासाठी ‘बीटा ब्लॉकर’ वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी तर तशीही फसवी असते. मंद टप्प्यात शेजाऱ्याशी सरळ वाक्ये बोलता यावीत. जलद टप्प्यात दोन-चार शब्दांवर दम लागावा, पण छाती भरून येऊ नये. नवख्याने एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जलद आणि मग दोन खांब मंद, अशा चार-पाच जोड्यांनी प्रारंभ करावा व दोन-तीन महिन्यांत तीन मिनिटांपर्यंत यावे. आधी व नंतर पाच-पाच मिनिटे संथ चालणे आवश्यक. मरीना किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी जलद टप्पा फरसबंदी वाटेवरच घ्यावा. वाळूत पाय मुरगळतात.

एक गोष्ट ठाऊक नसल्यास माणूस घाबरतो. फार जोराच्या व्यायामानंतर लगेच तपासल्यास साखर थोडी वर गेलेली दिसू शकते. श्रमाच्या आवेगात यकृत आपला साठा रक्तात सोडते, त्याचा हा परिणाम. तास-दोन तासांत ती खाली येते.

जेवणानंतरच्या दहा मिनिटांचे मोलही थोडे नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या २०१६ सालच्या अभ्यासात, दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडील शतपावलीला मिळालेला हा दाखलाच म्हणायचा. फक्त पावले शंभरावर थांबवू नयेत. काउंटरवर बसणाऱ्या कर्मचारी बंधू-भगिनींनीही दर अर्ध्या तासाने उभे राहून दहा-वीस वेळा टाचा उचलाव्यात. ग्राहकांची हरकत असणार नाही.

कोणी काय सांभाळावे

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात वा नंतर रात्रीही एकदम खाली जाऊ शकते. व्यायामापूर्वी ती ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास आधी काही खावे. खिशात साखर वा ग्लुकोज बाळगावे; थरथर, घाम, गोंधळ जाणवताच थांबून तीन चमचे साखर घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. उलट साखर ३०० च्या वर असेल किंवा ताप-उलट्या असतील, तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणाऱ्यांनी हृदयाची तपासणी होईपर्यंत वेग वाढवूच नये.

मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर जड वजन, श्वास कोंडणे आणि डोके खाली जाणारी आसने वर्ज्य. सूर्यनमस्कार हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोहोचविलेला उत्तम व्यायाम. परंतु अशा रुग्णांनी नेत्रतज्ज्ञास विचारल्याशिवाय घालू नयेत.

चेन्नईत पायांची काळजी विशेष घ्यावी लागते. मे महिन्यातील अग्निनक्षत्राच्या दिवसांत मंदिरांच्या प्रांगणातील दगडी फरशा दुपारी तव्यासारख्या तापतात. ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका कळतच नाही. फोड दिसतो तो रात्री, आणि तो चिघळून पाय गमावण्याची वेळ आल्याची उदाहरणे वैद्यकास नवीन नाहीत. प्रदक्षिणा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर घालावी, घरी येऊन तळपाय आरशात पाहावेत. व्यायामासाठी मोजे व बंद बूट हवेतच. दमट हवेत पाणी अधिक लागते; लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर हमखास. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळी महिन्यांत उद्याने चिखलाने भरतात आणि फेऱ्या बंद पडतात. खुर्ची, भिंत आणि रबरी पट्टा यांचा खरा उपयोग तेव्हा कळतो.

तिरुमंगलमचे उद्यान

व्यायाम एकट्याने टिकत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिला चेन्नईतच मिळालेले एक उत्तर नोंदण्याजोगे आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने १९९६-९७ मध्ये शहरातील दोन वसाहतींची पाहणी केली. अण्णानगरलगतच्या तिरुमंगलम येथील वसाहत मध्यमवर्गीय, तर त्यागरायनगरमधील अल्प उत्पन्न गटाची. मध्यमवर्गीयांत मधुमेह १२.४ टक्के, तर अल्प उत्पन्न गटात ६.५ टक्के आढळला. संशोधकांनी तिरुमंगलमच्या रहिवाशांना व्याख्यानांतून आणि भेटींतून व्यायामाचे महत्त्व सांगितले. त्यावर चालायला जागाच नाही, हे लक्षात येऊन रहिवाशांनी स्वतः निधी उभारून वसाहतीत उद्यान उभे केले. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणारे तेथे आधी १४.२ टक्के होते, ते पुढे ५८.७ टक्क्यांवर गेले.

दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. तिरुमंगलममध्ये मधुमेह १५.४ टक्क्यांपर्यंत वाढला होता, म्हणजे वाढ झाली पण मंद गतीने. दुसऱ्या वसाहतीत मात्र तो ६.५ वरून १५.३ टक्क्यांवर पोहोचला होता. हा फरक एकट्या उद्यानामुळे पडला असे म्हणता येणार नाही. त्या दशकात अल्प उत्पन्न गटाचे राहणीमान, आहार आणि श्रम हे सारेच बदलत होते. परंतु रहिवाशांनी पदरमोड करून बांधलेल्या त्या वाटेवर सकाळी निम्म्याहून अधिक वसाहत उतरू लागली, हे मात्र मोजून सिद्ध झालेले आहे.